हातचा

साडेअकराला फोन आला: काम आपल्याला.
होग्नीने टेबलावर थाप मारली, कुणीतरी रुबार्बचा केक आणला,
आणि मी माझ्या खुर्चीत येऊन बसले
कुठे चुकलं ते शोधायला.

एकतीस वर्षं भाव काढतेय मी, तोर्सहाव्नच्या याच खिडकीशी.
पाच जणांनी एकच नकाशा मोजला
आणि तुझा आकडा सगळ्यांत खाली आला,
तर बाई, पाचांत तूच काहीतरी विसरलीस.
हे कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याच वर्षी
एका शाळेच्या जिन्याने शिकवलं:
मजले तीन, आणि पायऱ्या मी धरलेल्या एकाच मजल्याच्या.

काम सूरॉय बेटावरचं. वृद्धाश्रम, बावीस खोल्या.
नकाशे पुन्हा पसरले.
काळा खडक, फोडायचा, घनमीटरने. आहे.
छपरावरचं गवत, मातीसकट, खाली रबरी चादर
(पूर्वी भूर्जाची साल असे). आहे.
बोटीचं भाडं, दर ट्रकमागे. आहे.
वाऱ्याचे दिवस, जेव्हा क्रेन नुसती उभी असते
आणि माणसं डब्यात बसून पगारावर पत्ते खेळतात:
सव्वीस.
वाऱ्याच्या बाबतीत मी कधी कंजुषी केली नाही.

अडीचला सापडलं.
पान सतरा. कॉरिडॉर. भिंतीला लागून एक बारीक रेघ,
इतकी बारीक, की ती मला भिंतीचीच वाटली होती.
ओकचा कठडा, दोन्ही बाजूंना, दोनशे बारा मीटर.
सहाशे चाळीसने
एक लाख पस्तीस हजार सहाशे ऐंशी क्रोनर.
दुसऱ्या नंबरशी आमचा फरक एक लाख दहा हजारांचा.
म्हणजे कठडा धरला असता
तर केक दुसऱ्याच ऑफिसात कापला गेला असता.

लहानपणी बेरजेत हातचा विसरले
की वडील पेन्सिलीने बोटावर टिचकी मारायचे.
होड्या बांधायचे ते. कागदावर काही काढायचे नाहीत;
फळी वाकवायचे, तिला कान लावायचे, आणि भाव सांगायचे,
जो नेहमी कमीच पडायचा.
शेवटची दोन वर्षं ते चुलीपासून पलंगापर्यंत
भिंतीला हात लावून गेले.
रंगावर एक पट्टा उमटला, कमरेच्या जरा वर, तेलकट,
दाराशी तुटलेला,
दारापलीकडे पुन्हा सुरू.
घर विकताना मी तो दोनदा रंगवला.
हिशोबात लिहिलं: रंग एक डबा, ब्रश एक.
पट्टा मोजायचं सुचलं नाही.
मला. जी बसथांब्यावर उभी राहून फरश्या मोजते.

होग्नीला सांगितलं. त्याने काटा बशीत ठेवला.
म्हणाला, एकाच बाजूला लावू.
म्हणाला, प्लास्टिकचा मिळतो, तिसऱ्या हिश्श्यात.
म्हणाला, आर्किटेक्टला विचारून तर बघू,
आणि मग बराच वेळ काही म्हणाला नाही.
बावीस खोल्यांच्या यादीत त्याची आई चौदावी आहे.
तिचं नाव मी काढलं नाही, त्यानेही नाही.
खिडकीवर मिठाचा थर होता, तो नखाने खरवडत
तो म्हणाला, नफ्यातून काढ.
ओकच का?
ओकच.

काढलं.
खाली उरलं ते फार नाही;
वाऱ्याचे नऊ दिवस जास्त आले तर तेही नाही.
केकचा शेवटचा तुकडा तसाच राहिला, कोरडा पडत.

सहाला निघाले तेव्हा वारा असा
की गाडीचं दार उघडायला दोन हात लागावेत.
पार्किंगच्या उतारावर मी रेलिंग पकडलं,
गारठलेलं, गंजलेलं लोखंड,
एकेचाळीस मीटर असावं, जास्तीत जास्त बेचाळीस.
कुणीतरी, केव्हातरी, आठवणीने
धरलं होतं ते.